कागदावरची उत्तर दिशा

३ मार्च १८०३
नाही म्हणायला हवं होतं. पण डरमट, माझा थोरला भाऊ, ऐकेना. "त्या निळ्या डोंगरापलीकडे चीन आहे. तिथं कुणी फटके मारत नाही. तू नुसतं होकायंत्र काढून दे, मास्तर." गावी कुंपणाआड चोरून भरणाऱ्या शाळेत दोन हिवाळे बसलो म्हणून मी मास्तर.
आम्हा कैद्यांना सातासमुद्रापार इकडे आणणाऱ्या जहाजावर एका खलाशाच्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं. आठवून काढलं. वर्तुळ, काटा, चारी दिशांची नावं. शुद्धलेखन पुन्हा तपासलं.

५ मार्च
गेले — डरमट आणि म्हातारा केनी. "चल की. एका मेंढीच्या चोरीपायी इथवर आणून टाकलं, आणखी काय करतील?" डरमट म्हणाला. मी मागेच राहिलो.
हजेरीला मान वर केली नाही. पळणाऱ्याला मदत करणाऱ्यालाही फटके असतात. बोटांवरची शाई राखेने घासली. जात नाही.

६ मार्च
ऊन फार. त्यांच्याकडे पाण्याची एकच बुधली.

७ मार्च
मोजणीदार साहेबांचं सामान उचलायला मला नेलं. खरं होकायंत्र पहिल्यांदा हातात आलं. मी वळलो, डबी वळली. काटा मात्र त्याच झाडाकडे बघत राहिला.
साहेब म्हणाले, "काय रे, भूत पाहिलंस?"
माझा काटा शाईचा आहे. डरमट जिकडे तोंड करेल, तिकडे उत्तर.
सांगितलं तर त्याची पाठ सोलतील. नाही सांगितलं तर तहानेने मरेल. आणि आमच्या गावात चहाडखोराच्या प्रेताला कुणी खांदा देत नसे.

८ मार्च
मुकादमाला सांगितलं. कागद कुणी काढला तेही.
तो पोट धरून हसला. "समुद्रातून आणलं ना रे तुम्हाला? मग चीनला चालत कसे जाणार?" शिपाई पाठवले. माझे फटके ते आल्यावर, त्यांच्याबरोबरच.
झोपडीवर परतलो. माझी ताटली दाराबाहेर ठेवलेली होती.

१० मार्च
सापडले. आम्ही राबतो त्याच शेतामागच्या टेकडीभोवती फिरत होते. केनी वाटेतच मेला.
डरमटला माझ्यासमोरून नेलं. तो माझ्या तोंडावर थुंकला.
पुसलं नाही. थुंकण्याइतकं पाणी आहे त्याच्या तोंडात.