सत्यवतीची हजेरी

२० नोव्हेंबर १९६१, अकोला
आले बाप्पा एकदाची! अमरावतीची एसटी अन् तिचे ते धक्के! इथल्या मुलींच्या शाळेत मार्गदर्शक शिक्षिका म्हणून रुजू झाले. कोमेजलेल्या मुलींशी कसं बोलावं, हे मुंबईला सहा महिने शिकून आले आहे. मोठ्या बाईंनी मला खालीवर न्याहाळलं अन् दहावीची हजेरीही गळ्यात घातली. शिपाईण मैनाबाईनं भाकर-ठेचा आणला, वर विचारलं, नुसतं आयकाची नोकरी? असं कुठं रायते का?

कापूस वेचणीचे दिवस आहेत. निम्म्या मुली शेतात, त्यांच्या नावाला मैत्रिणीच 'हजर' म्हणतात. मी मान खाली घालून खुणा करते. कुठं रागवत बसायचं!

२५ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत सत्यवती आली. खेड्यावरची पोर, इथं मावशीकडे राहते. म्हणाली, सकाळी उठावंच वाटत नाही मले, सारं रिकामं वाटते. पण घंटा झाली, अन् मी म्हटलं, सोमवारी ये, निवांत बोलू. ती हसली बिचारी.

९ डिसेंबर
सत्यवती शाळेमागच्या विहिरीत सापडली. त्या शनिवारपासूनच नव्हती. मावशीला वाटलं, वेचणीला गावी गेली. आई सुंदराबाईला वाटलं, शाळेत आहे. रजिस्टरात रोज हजर, माझ्याच हातानं. ती माऊली ते पान बोटानं चाचपत राहिली, वाचता येत नाही तिला. सोमवारी पोर बोलायला आली नाही तेव्हा मी म्हटलं होतं, रोज हजर आहे म्हणजे बरी असेल. आग लागो माझ्या शिक्षणाला.

तिची ओ कोण देत होतं, मुलींना शपथ घालून विचारलं. कोणीच नाही म्हणे. तिच्या बाकावरची कौशल्या तेवढी बोलली, थेच देते नं, बाई, सत्यवतीच.

१३ डिसेंबर
सत्यवतीचं तेविसावं नाव खोडलं. आज घेतलं नाही. बावीसनंतर सरळ चोवीस — तरी मध्ये आवाज आला, 'हजर, बाई.' मुली रडू लागल्या. कौशल्या रडली नाही. जेवत नाही, बोलत नाही. हिला मी जाऊ देणार नाही. देणारच नाही.

१५ डिसेंबर
कौशल्येचं नाव घेतलं. ओ आली — आवाज सत्यवतीचा. मान वर केली. बाक रिकामा — धावले —

दुपार
मिळाली! विहिरीच्या काठावर बसली होती. ओढतच खोलीवर आणली, कडी लावली. वेण्या ओल्या, हात गार. म्हणते, सत्यवती म्हणे तू ये, शाळेत तुयी हजेरी मी देतो. कवटाळून रडले. आता घंटा झाली तरी उठत नाही. डाव्या हातात तिचा हात आहे. बोल बेटा, सारं ऐकते —

मैनाबाई दार बडवते आहे. ओरडते आहे, बाई, कौशल्या इहिरीत सापडली, आता काढून राहिले —

मग माझ्या हातात हा —