मेंडोलिनची दुसरी घोडी

अब्बा,

आज तुमचं मेंडोलिन भिंतीवरून खाली काढलं. धूळ पुसायला म्हणून काढलं आणि पुसणं राहूनच गेलं, मांडीवर घेऊन नुसती बसले. हल्ली असंच होतं. दिवसभर हार्मोनियमचे भाते चिकटवून खांदे भरून येतात, चष्मा लावूनही बारीक काम दिसत नाही. घरात आपण हिंदी-उर्दू बोलायचो, गिऱ्हाइकांशी, आणि कामाचं असलं की माझ्याशीही, तुम्ही वऱ्हाडी. मला मात्र लिहिता येते ती आर्णीच्या शाळेतली मराठीच, म्हणून हे मराठीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची चार आण्याची नाणीही बाजारातून गेली. मी दोन जपून ठेवलीत. बाराव्या पडद्यावर तारेखालून एक नाणं सहज सरकलं पाहिजे, दोन मावता कामा नयेत. तारांच्या उंचीचं तुमचं माप एवढंच. फुटपट्टी तुम्ही कधी हातात धरली नाही.

केळापूरचे ते बँडवाले काका आठवतात ना? मी सासर सोडून तुमच्याकडे परत आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कापसाचे ते वाईट दिवस. माणसं चहाच्या टपरीवरही खालच्या आवाजात बोलायची. लग्नं व्हायची ती कळंबला चिंतामणीच्या देवळात, दहा माणसांत उरकून. बँड कोण बोलावणार? पोळ्याच्या आठ दिवस आधी काका मेंडोलिन घेऊन आले. तुम्ही तारा आणायला यवतमाळला गेला होता. काकांनी मला बोटं दाखवली. म्हणाले, "सराव तुटला बाई. घट्टे गेले, आता तारा दाबल्या की रक्त येते. लग्नंच नाही होऊन राह्यले तं वाजवू कोठी? गणपतीत एक काम भेटलं हाय. तारा जराशा खाली करून दे मले." मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, तुमच्याशिवाय एक काम करून दाखवायची हौसही होती. तारा ज्या लाकडाच्या घोडीवर टेकतात ती काढली आणि खालून घासली. तारा उतरल्या, लोण्यासारख्या मऊ दाबल्या जायला लागल्या. काका खूश होऊन गेले. मी दोन दिवस हवेत होते.

ऐन उन्हाळ्यात काका परत आले. प्रत्येक पडद्यावर तार खरखरत होती. तुम्ही मेंडोलिन कानाशी धरलं, घोडी उलटी करून बघितली आणि मला विचारलं, "कधी घासली?" मी म्हणाले, पोळ्याच्या आधी. तुम्ही काकांकडे बघून बोललात, माझ्याकडे नाही. "पावसाळ्यात घोडी घासत नसतेत. लाकूड पाणी पेते, फुगते, तारा आपोआप वर जातेत. उन्हाळ्यात ते बसते. घासलेलं लाकूड काय परत येते?" इथपर्यंत ठीक होतं, कामातलं बोलणं होतं. मग तुम्ही म्हणालात, "घाई. हिच्या सगळ्याच कामात घाई. सासरहूनही घाईनंच आली." काका खाली बघायला लागले. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन बसले, कारण बसायला मला दुसरी जागा नव्हती. दुपारची जोहरची नमाज पढून तुम्ही शिसमचा तुकडा घेतलात आणि मला समोर बसवून नवी घोडी करायला शिकवलंत. उन्हं कलताना असरची अजान झाली तेव्हा ती तयार होती. बोट हलवत म्हणालात, "जुनीले हात नाही लावायचा. वर-खाली करायचं तं दुसरी करायची. जुनी ठेवून द्यायची, मौसम बदलला की परत लावायची."

दुसऱ्या दिवशी तुमची बारीक कानस माझ्या पाटावर ठेवलेली होती, जिला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. ती माफी होती हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण मी मुद्दामच कळू दिलं नाही. कानस घेतली, काम करत राहिले, आणि ते वाक्य मनात तसंच ठेवलं. सासरी काय झालं होतं ते तुम्ही कधी विचारलंच नव्हतं, अब्बा. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मी घाईनं नाही आले. तीन वर्षं थांबले आणि मग आले.

मग पाचव्या वर्षी तुम्हाला लकवा झाला. उजवा हात वाचला, डावा गेल्यात जमा. दुकान माझ्यावर आलं. दिवस तसेच होते, वाद्यं दुरुस्तीला टाकून जायची माणसं आणि न्यायला फिरकायची नाहीत. एक दिवस बाहेर झड लागलेली आहे, तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला आहात, हे मेंडोलिन मागून घेतलंय. डावी बोटं तारेवर ठेवता, तार दबत नाही. पुन्हा ठेवता. मग मला म्हणता, "घोडी खाली कर न थोडी. बोटात जीव नाही राह्यला." माझ्या हातात दुसरं काम आहे. मान वर न करता मी म्हणते, "पावसाळ्यात घोडी घासत नसतेत, अब्बा. दिवाळी होऊ द्या." तुम्ही हसता, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि म्हणता, "शिकली." इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो तेव्हा आला. तुम्ही मेंडोलिन माझ्याकडे दिलंत, मी ते भिंतीला अडकवलं. दसऱ्याच्या आधीच तुम्ही गेलात.

लोक म्हणतात, मुलीनं बापाची फार सेवा केली. केलीच. उष्टं काढलं, अंग पुसलं, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही समजलात की मी तुमचा नियम पाळला, ते खरं नव्हतं. नियमाचा दुसरा अर्धा भागही, खाली करायची तर दुसरी करायची, मला पाठ होता. मी तुम्हाला तुमचंच वाक्य परत केलं, घाई नाही करत बघा आता, असं मनात म्हणून. हा कागद मेंडोलिनच्या रिकाम्या पेटीत ठेवीन, दुसरीकडे कुठं ठेवणार? पण एवढं लिहायचं होतं. जुन्या घोडीला हात न लावता दुसरी मी केली, तुमचा चाळिसावा झाल्यावर. शिसम फळीवरच होतं, कानस तुमचीच. जोहरनंतर बसले आणि असरच्या अजानीआधी ती तयार होती.