त्याच माणसांचे कान

रहाटणी, ५ जानेवारी २०२५

ती. दादासाहेबमामांस, वर्षालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत पत्रा ठोकायचा नवा, मोठ्या आवाजाचा प्रेस बसवण्याआधी सगळ्या कामगारांचे, लांबच्या शांत पॅकिंग विभागातल्यांचेही, कान तपासले होते. सहा महिन्यांनी आता पुन्हा तपासले. सल्लागारांनी प्रेसवरच्या लोकांचा आधीचा एक गट, नंतरचा दुसरा गट धरून दोन्हींच्या सरासऱ्या ताडणारी टी-टेस्ट लावली आणि ‘फरक नाही’ असं लिहून दिलं. सेफ्टी ऑफिसर म्हणून खाली सही माझी हवी. मॅनेजर रोज विचारतात. पण प्रेसवरचे रोहिदासभाऊ आमच्याच बिल्डिंगमधले. मुलीनं मागून हाक मारली तरी हल्ली वळत नाहीत. कुणाचं खरं मानू? तुम्ही जन्मभर संख्याशास्त्र शिकवलंत. लवकर लिहा.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.
वर्षाली

देहू, ९ जानेवारी

चि. वर्षालीस अनेक आशीर्वाद.

सहीची घाई नको. माणसं तीच, मग गट दोन कसे? तरण्याचा कान आणि पन्नाशीचा कान यांत मुळातच इतकी तफावत, की तिच्यात सहा महिन्यांचा फरक बुडून जातो. ज्याचं त्याच्याशी ताडून बघ. प्रत्येकाच्या नंतरच्या आकड्यातून आधीचा वजा कर. ते फरक मध्याभोवती सारखे पसरले असतील तर जोडीची टी-टेस्ट. काहींचे भलतेच मोठे असतील तर विल्कॉक्सनची, क्रम लावून करायची चाचणी. फरक पडला का, एवढंच त्यातून कळेल. प्रेसमुळे पडला का, त्यासाठी पॅकिंगवाल्यांचे फरक शेजारी ठेव. ते खरोखर वेगळे लोक. तिथं वेगळ्या गटांची चाचणीच हवी.

आणि पोरी, मनासारखं उत्तर येईस्तोवर चाचण्या बदलत बसू नकोस. ‘फरक नाही’ निघालं तर तेही लिहायचं. मामी म्हणते, नोकरी सांभाळून कर. मी म्हणत नाही.

खुशाली कळवत जा, जीव टांगून ठेवू नकोस.
दादासाहेबमामा

रहाटणी, २ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

काहींचे फरक फार मोठे निघाले, म्हणून विल्कॉक्सन लावली. प्रेसवाल्यांचं ऐकणं कमी झालंय, पॅकिंगवाल्यांचं नाही; दोघांचे फरक वेगळ्या गटांच्या चाचणीत ताडले, तिथंही तेच निघालं. सही केली नाही. मॅनेजर म्हणाले की तुझं प्रोबेशन संपलेलं नाही, विसरू नकोस. तरी सल्लागारांचा आणि माझा, दोन्ही हिशेब मी प्लांट हेडकडे पाठवले. त्यांनी बाहेरच्या डॉक्टरांकडून कान पुन्हा तपासून घेतले. आता प्रेसला आवाजबंद खोली बांधतायत. माझं प्रोबेशन मात्र वाढवलंय.

रोहिदासभाऊंना प्रेसवरून काढून स्टोअरला दिलं, त्यांचा ओव्हरटाइम गेला. सांगायला मी घरी गेले तर त्यांच्या बायकोनं, साधनावहिनींनी चहा केला. रोहिदासभाऊंनी एवढंच विचारलं, की गेलं ते ऐकू यायला लागेल का. डॉक्टरांनी नाही म्हटलंय. मी ते मोठ्यानं, दोनदा सांगितलं.

लोभ आहे, तो उणा पडू देऊ नका.
वर्षाली