गोड बोलण्याचं दुखणं

औरंगाबाद, ९ ऑगस्ट १९८८

चि. सौ. वच्छलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आप्पाची बायको म्हणून तुला माफ करते, पाहुणी म्हणून नाही. डॉक्टरांनी शुद्ध मराठीत सांगितलं होतं: माझ्या स्वादुपिंडात बारीकशी गाठ असावी, ती वेळीअवेळी इन्सुलिन सोडते, म्हणून रिकाम्या पोटी साखर उतरून मला भ्रम होतो. पुराव्यासाठी तीन दिवस नुसतं पाणी, आणि साखर उतरताच रक्त घ्यायचं. तू मात्र भगर नि राजगिऱ्याचे लाडू घेऊन आलीस! उपासाला फराळ चालतो, असं नर्सलाच वर बजावलंस. मी अर्धवट शुद्धीत खाल्ले. तपासणी बाद.

आता पुन्हा सोमवारपासून. पुराव्याशिवाय ते पोट उघडणार नाहीत, आणि गेल्याच महिन्यात तुझ्याच स्वयंपाकघरात मी पेटत्या स्टोव्हवर पडता पडता वाचले. आधीच्या डॉक्टरांनी हा म्हातारपणचा चिडचिडेपणा ठरवला होता. छत्तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. चिडणं हा माझा पेशा होता, आजार नव्हे.

येऊ नकोस. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस.

तुझी नणंद,
चतुरा

सोयगाव, ११ ऑगस्ट

ती. वन्संना शि. सा. नमस्कार वि. वि.

मी येणार. लाडू आणणार नाही, शपथ. निघताना डॉक्टरांनी मला विचारलं होतं, साखर उतरली की बाई चिडतात का. मी म्हटलं, त्या तर जेवूनही चिडतात. मग आठवलं, स्टोव्हपाशी पडण्याआधी तुम्ही माझ्या भाकरीचं कौतुक केलं होतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा! म्हणून सांगून आले, वन्सं गोड बोलल्या की लगेच रक्त घ्या. डॉक्टर हसले, पण लिहून घेतलं. हे म्हणतात, ताईचा राग परवडला, गोडव्याचं लई भ्या वाटतं.

लोभ असो, रागही असो.

आपली,
वच्छला

औरंगाबाद, १७ ऑगस्ट

श्री. आप्पासाहेबांना सौ. वच्छलाचा नमस्कार वि. वि.

काल दुपारपर्यंत वन्सं मला अक्कलशून्य म्हणत होत्या, तोवर मी निवांत होते. चार वाजता त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, तू आलीस म्हणून या घराला घरपण आलं. मला रडूच फुटलं. तशीच व्हरांड्यात धावले, रक्त घ्या म्हणून ओरडत. साखर चौतीस! नमुना मुंबईला गेला. शिरेतून ग्लुकोज देताच वन्संनी डोळे उघडून विचारलं, ही खेडवळ रडते कशाला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

गायीला पेंड घाला. बाकी भेटीअंती.

वच्छला

औरंगाबाद, २ ऑक्टोबर

चि. सौ. वच्छलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुंबईच्या अहवालानं डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. गाठ काढली, वाटाण्याएवढीच निघाली. एवढ्याशा ऐवजानं केवढा छळ! आता सकाळी चहाआधीही मी शुद्धीवर असते. तुझं लिंबाचं लोणचं खारट झालंय, आणि बरणीचं झाकण सैल होतं.

त्या दुपारचं मला काही आठवत नाही. नर्सनं मात्र शब्दन्‌शब्द सांगितला. आज माझी साखर नव्वद आहे आणि त्यातला एकही शब्द मला मागं घ्यायचा नाही.

हे पत्र डॉक्टरांना दाखवू नकोस. पुन्हा रक्त घेतील.

तुझी,
चतुरा