कोरा फळा

प्रिय लवंगी,

या नावाने तुला हाक मारून अकरा वर्षं झाली. फोनवर आपण एकमेकांच्या गुडघ्यांची, दातांची, तुझ्या लेकाच्या परीक्षांची चौकशी करतो आणि लगेच ‘बरं, ठेवते’, ‘बरं, ठेवतो’ म्हणतो. म्हणून पत्र लिहितोय. पत्रात मला मधेच फोन ठेवता येणार नाही.

इकडची खबरबात अशी. आईला आता जिना जमत नाही, पण जीभ तशीच तरतरीत आहे. तुझ्या वहिनीचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे घरातली धूळ तिला प्रथमच नीट दिसली आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मी येत्या शुक्रवारी निवृत्त होतोय. आपल्या बाइंडिंगमधले डिंककाका परवा बाजारात भेटले. अंगाला अजून डिंकाचाच वास. पिशवी डाव्या हातात होती, उजवा खिशात. मी पुढे होऊन पिशवी घेतली तर म्हणाले, “राहू द्या साहेब, सवय झालीय.” मग म्हणाले, “धाकटी कशी आहे? तिनं लिहिलं असणार हो. ती लिहिल्याशिवाय राहायची नाही.” अकरा वर्षं हा माणूस हेच म्हणतोय आणि मी दर वेळी मान हलवून पुढे जातोय.

मागच्या आठवड्यात कारखान्याने मला नव्या विभागप्रमुखांपुढे बोलायला उभं केलं. विषय होता, माणसांचं ऐकून कसं घ्यावं. हसू नकोस. बाइंडिंग विभागाचा तो फळा माझीच कल्पना होती ना, त्याची आता पाचही विभागांत नक्कल झाली आहे. ज्याला जी अडचण असेल ती त्याने खडूने लिहायची, ती निस्तरून प्रमुखाने बरोबरची खूण करेपर्यंत त्या मशीनला कोणी हात लावायचा नाही. मी भरभरून बोललो. ऐकणं म्हणजे काय, शब्द पाळणं म्हणजे काय. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तुझ्याएवढीच, तेवढीच बारकी आणि तेवढीच तिखट. म्हणाली, “सर, फळा बरेच दिवस कोरा असेल तर ते चांगलं समजायचं, की लोकांनी सांगणं सोडलं असं समजायचं?” मी पाणी प्यायलो. दुसरा पेला मागवला. मग पुढच्या वर आलेल्या हाताकडे बोट दाखवलं.

कारण तो फळा कोरा कसा होतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मोठे पाहुणे यायचे होते. मी तुझ्या आधी नव्हे, तुझ्या नंतर आलो, हे तुला आठवत असेल. फळ्यावर तुझं किरटं अक्षर होतं: ‘कटिंग बंद करायचं लाल बटण अडकतंय. दुरुस्त होईपर्यंत मशीन लावू नका.’ तू मिस्त्रीला शोधायला पलीकडच्या इमारतीत गेली होतीस. मी ते वाचलं. नीट वाचलं. आणि मनात आलं, पाहुण्यांना कोरा फळा दिसला तर किती छान दिसेल. तासाभराचा प्रश्न आहे, मग परत लिहू. खिशातल्या रुमालाने पुसलं. सगळ्यांना सांगायचं राहूनच गेलं, कारण गाडी फाटकात आली होती. डिंककाका उशिरा आले, नियमाप्रमाणे आधी फळा बघितला, कोरा दिसला आणि मशीन चालू केलं. मिस्त्री न सापडता तू परतलीस आणि पुढचं पाहिलंस. मीही.

चौकशीत मला विचारलं, फळ्यावर काही लिहिलेलं होतं का. मी म्हणालो, “अपघात झाला तेव्हा फळा कोरा होता.” त्यात एकही शब्द खोटा नव्हता, लवंगी. या एका गोष्टीचा मी कित्येक वर्षं आधार घेतला. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी पेनाला टोपण लावत बसलो. ‘साहेब सगळ्यांचं ऐकतात’ अशी ख्याती असलेल्या माणसाला कोण खोटं ठरवणार? तू लिहिल्याचं सांगितलंस, कोणी मानलं नाही, महिन्याभरात तू नोकरी सोडलीस. पण मला आजही विसरता येत नाही ते चौकशीच्या रात्रीचं जेवण. आई तुला म्हणाली, “एक ओळ लिहायला हात मोडले होते का गं तुझे? एका म्हाताऱ्या माणसाची बोटं गेली!” तू ताटावरून उठलीस. तेव्हाही माझं नाव घेतलं नाहीस. आणि मी, तुझा थोरला भाऊ, दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. मला माझीच किळस येते.

आज सकाळी मी फळ्यावर तुझी ओळ जशीच्या तशी लिहिली. त्या दिवसाची तारीख घातली. खाली लिहिलं, ‘हे मी पुसलं होतं’, आणि सही केली. तोच मजकूर कागदावर लिहून वरच्या साहेबांकडे दिला. शुक्रवारचा सत्कार आता होईलसं वाटत नाही, चौकशी पुन्हा उघडतील. डिंककाकांच्या घरीही जाऊन आलो. त्यांनी दार लावून घेतलं, ते बरोबरच आहे. मग घरी येऊन आईला सांगितलं. ती पदराचं टोक चोळत म्हणाली, “मी त्या पोरीला काय काय बोलले रे.” तुला फोन लावायला निघाली होती. मीच थांबवलं. कशासाठी फोन येतोय ते तुला आधी माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र. माफी मागायला मला तोंड राहिलेलं नाही. रविवारी आई फोन करेल. तिचा उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

अजून म्हणू देशील तर,
तुझाच
दादा