लॅमिनेशन केलेला आहार

१० नोव्हेंबर
आशा सेविका अंजूताई घरी येऊन निकिताचं, माझ्या बायकोचं, रक्त तपासून गेली. हिमोग्लोबिन ८.८. पाचवा महिना चालू आहे. इतकं कमी चालत नाही म्हणे, बाळ वजनाला कमी भरतं. गोळ्या, हिरवी भाजी, डाळ, अंडी, गूळ-शेंगदाणे, सगळं सांगून गेली. निकिताला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच मेडशीत, म्हणजे जबाबदारी माझी.
घाबरायचं कारण नाही. सहा वर्षांपासून एसटी स्टँडजवळ ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. अख्ख्या गावाचे फॉर्म भरले, बायकोचं हिमोग्लोबिन काय चीज आहे!

११ नोव्हेंबर
एक्सेलमध्ये आहाराचा चार्ट केला. रंगीत प्रिंट, वर लॅमिनेशन. पाच रकाने. मार्कर पेन खिशात. चार्ट चुलीच्या वर टांगला. माय म्हणाली, "हे काय टांगून राह्यला रे?" समजावून सांगितलं. बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि विचारलं, "याच्यात माहं नाव कुठी आहे?"

१४ नोव्हेंबर
पालक. बरोबर टिक.
सिस्टिम अशी: सकाळी बाबा डबा घेऊन वावरात जातात. एक वाजता मी घरी जेवायला येतो. ताटात जे येतं त्याची टिक करून दुकानात परत. मग अडीचला निकिताला फोन करून विचारतो, जेवली का? ती म्हणते, झालं माझं. एकाच कॉलमध्ये काम. सरकारी खात्यातसुद्धा इतका फॉलोअप नसेल.

१९ नोव्हेंबर
अंडी. माय माळकरी, त्यामुळे अंगणात वेगळी चूल मांडून मी स्वतः उकडली. सहा. एकाचा वास जरा वेगळा वाटला, म्हणून चाखून पाहिलं. ठीक होतं. मग दुसरं पाहिलं, कारण एकावरून निष्कर्ष काढणं चूक. निकिताला तो वास सहनच झाला नाही. नाकाला पदर लावून म्हणाली, "तुमीच खा." उरलेलीही संपवली. अन्न वाया घालवणं आपल्याला जमत नाही.
अंडी: टिक. (आणली होती, हे खरं.)

२५ नोव्हेंबर
मायनं गूळ-शेंगदाण्याचे एकवीस लाडू केले होते. चौथ्या दिवशी डबा रिकामा. घरात शिस्त नाही. मी सकाळच्या चहासोबत फक्त दोन-दोन घेत होतो, संध्याकाळी एखादा. संशय बाबांवर आहे. बाबांना दात नाहीत, पण माणूस जिद्दी.

१० डिसेंबर
हिमोग्लोबिन ८.६. कमी झालं!
चार्ट ९४ टक्के हिरवा आहे. म्हणजे मशीन खराब. अंजूताईला म्हटलं, माझं तपासा. १५.४. म्हणजे मशीन चांगलं आहे. म्हणजे निकिताचं शरीर सावकाश आहे.
अंजूताई म्हणाली, "भाऊ, तिच्या ताटात काय असते?" म्हटलं, चार्ट पाहा. ती म्हणाली, "चार्ट नाही इचारून राह्यली मी. ताट इचारून राह्यली." काही लोकांना टेक्नॉलॉजी पटत नाही.
सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, रक्त चढवावं लागेल. दुपारी एका बाईचा रेशनकार्डाचा फॉर्म भरत होतो, 'कुटुंबातील सदस्य' तिथं हात थांबला. भीती वाटली. खरीच वाटली.

१४ डिसेंबर, दुपारी तीन
चार्जर विसरलो म्हणून घरी गेलो. माय आणि निकिता चुलीपाशी जेवत होत्या. भाकर, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. मेथीचं पातेलं चाटूनपुसून स्वच्छ. विचारलं, भाजी काहून नाही? माय म्हणाली, "सरली न बाप्पा. तुले आवडली, दोनदा घेतली तू."
कारण सापडलं! माल कमी येतो. उद्यापासून एक नाही, दोन जुड्या.
निकिताला जेवताना पाहिलं, तेव्हा जरा वेगळंच वाटलं. लग्नाला दोन वर्षं झाली, तिला जेवताना पाहिल्याचं आठवत नाही. असो.

१५ डिसेंबर
दोन जुड्या. मायनं लसणाची फोडणी घालून केली. अप्रतिम. शिजल्यावर भाजी फार आटते, हे आज लक्षात आलं. टिक.

२० डिसेंबर
क्रांतिकारी निर्णय: निकिता सगळ्यात आधी जेवणार. रविवार, बाबाही घरी. तिला पाटावर बसवलं. मी समोर मार्कर घेऊन. बाबा हात धुऊन दारात उभे, माय पदर सावरत कोपऱ्यात. निकितानं चार घास खाल्ले, बाबांकडे पाहिलं, आणि "झालं माझं" म्हणून उठली. पुन्हा बस म्हटलं तर डोळ्यांत पाणी. प्रयोग तिच्या स्वभावाला मानवत नाही. उरलेलं मी संपवलं.

२ जानेवारी
वाशीमला एका सर्व्हेच्या डेटा एंट्रीचं काम आलं आहे. एक महिना. नाही म्हणवत नाही, पण माझ्यामागे निकिताकडे कोण पाहणार? आई-बाबांना आहारशास्त्रातलं काय कळतं? मायला हे बोललो. ती म्हणाली, "तू जाय. बिनघोर जाय. आजच जाय." एवढा विश्वास पाहून भरून आलं.

६ जानेवारी, वाशीम
मित्राच्या, प्रसेनजितच्या खोलीवर राहतो आहे. एक वाजता घरी फोन लावला, उचलला नाही. दीडला मायनं उचलला. तोंडात घास. म्हणाली, "जेवून राह्यलो न आमी." मागे निकिता हसत होती. कशाला हसते विचारलं, तर फोन कट. नेटवर्क.
हिरवी भाजी: टिक. (वहीत करतो आहे. चार्ट घरी.)

१९ जानेवारी
घरी रोज हरभऱ्याची कोवळी भाजी चालू आहे म्हणे. इथे मेसमध्ये बटाटा. काल बटाटा, आज बटाट्याचा रस्सा. माझं वजन दोन किलो उतरलं. पण फोन रोज करतो. लांबून नियंत्रण ठेवणं सोपं नाही.

६ फेब्रुवारी
परत आलो. बातमी: हिमोग्लोबिन १०.३!
मी वाशीमला बसून हे केलं. लोकांना गावात बसून जमत नाही. याला 'वीरेंद्र पॅटर्न' नाव द्यावं असं मनात आहे. अंजूताईला म्हटलं, तालुक्याच्या मीटिंगमध्ये मला बोलवा. ती खूप वेळ खोकत राहिली.
मायनं विचारलं, "आता किती दिवस हायस घरी?" कायमचा, म्हटलं. "हं," म्हणाली.
चार्ट चुलीवर नव्हता. अंगणात सापडला. त्यावर मुंगवड्या वाळत होत्या. लॅमिनेशन असल्यामुळे वड्या चिकटत नाहीत म्हणे. त्याही अर्थानं उपयोगी पडला.

१७ फेब्रुवारी
भाजी कमी येते आहे. ताटात एकदाच वाढतात, पातेल्यात दुसऱ्यांदाचं काही नसतं. दोन जुड्या आणतो तरी! मायला विचारलं, तर म्हणे आटते. निकिताचा चेहरा भरला आहे. दोघी दिवसभर काहीतरी कुजबुजतात. बाळंतपणाचं असेल. बायकांच्या बोलण्यात पडू नये.

२२ मार्च, मेडशीचा सरकारी दवाखाना
मुलगी झाली. दोन किलो आठशे. निकिता बरी आहे. रक्त चढवावं लागलं नाही.
बाळ हातात दिलं तेव्हा मी रडलो. कुणी पाहिलं नाही. (बाबांनी पाहिलं. तेही रडत होते.)
मग चार्ट आणला. वड्यांचे डाग होते, पुसून घेतले. सिस्टरला दाखवला. तिनं तो बाजूला ठेवला आणि निकिताला विचारलं, मधल्या महिन्यात चांगलं वाढलं रक्त, काय खाल्लं बाई? निकितानं मायकडे पाहिलं. मायनं माझ्याकडे पाहिलं, आणि सांगूनच टाकलं. "हा वाशीमले गेला न सिस्टर, तवा आमी दोघी दुपारी चुलीपाशी गरम गरम जेवलो. याचा बाप वावरात, हा वाशीमले. भाजी उरे. गोळ्याबी अंजूनं समोर उभं राहून खाऊ घातल्या."
सिस्टरनं विचारलं, आणि हे परत आल्यावर?
"मंग अगोदर दोन ताटं काढून पिठाच्या कोठीमागं ठेवत होतो आमी. याले काय वाढाव ते मंग."
शेजारच्या खाटेवरची बाळंतीण पोट धरून हसली. टाके दुखतात म्हणाली, तरी हसली. मी पाणी आणायला बाहेर गेलो. पाणी खोलीतच होतं.

२ एप्रिल
अकरा दिवस झाले. वहीला हात लावला नाही.
आता बाळ दुधावर आहे, म्हणजे निकिताला आणखी नीट खायला हवं. नवा निर्णय: मी वाढणार आणि शेवटी जेवणार. चार्ट नाही.
आज वाढलं. बाबाही घरीच होते. आधी निकिता, मग माय, मग बाबा. वरण थोडं सांडलं. बाबांनी भाजी दुसऱ्यांदा मागितली. "चांगली झाली आज," म्हणाले. वाढली. मायनंही घेतली, मला पाहत पाहत घेतली.
दोन वाजता मी बसलो. पातेलं रिकामं. अर्धी भाकर होती, ठेचा होता, वर तेल घातलं.
निकिता आत बाळाला पाजत होती. तिथूनच तिनं विचारलं, "जेवले का तुमी?"
म्हटलं, झालं माझं.
ती पुन्हा विचारेल म्हणून हात न धुता जरा वेळ बसून राहिलो. तिनं विचारलं नाही. मीही कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.