सगळ्यांना बसलेला मास्क

४ फेब्रुवारी
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हॉस्पिटलच्या स्टाफला इन्फेक्शनपासून वाचवायची जबाबदारी माझ्यावर टाकली. दुसरं कुणी घेईना म्हणून, असं अकाउंट्सवाला म्हणतो. जळतो मेला. ज्याने पार्किंग आणि कँटीन सांभाळलं, त्याला जंतू काय जड?
संकल्प: यापुढे एकाही नर्सला पेशंटकडून साधं पडसंही होऊ द्यायचं नाही.
घरी हिला सांगितलं. ही आमच्याच हॉस्पिटलात, टीबी वॉर्डात नर्स. वाटलं, हरखून जाईल. तर म्हणाली, आधी नीट मापाचे मास्क आणा. बायकोने नवऱ्याचं कौतुक करू नये असा काही कायदा आहे का, बघायला हवं.

७ फेब्रुवारी
मास्क मागवले. मोठे, मध्यम, छोटे अशी मापं असतात म्हणे. नसते लाड! सगळे मोठेच मागवले. मोठ्यात छोटा चेहरा मावतो, छोट्यात मोठा मावत नाही. एवढं साधं लॉजिक डॉक्टरांना सुचत नाही, आणि ही माणसं लोकांची पोटं फाडतात.

१२ फेब्रुवारी
छातीच्या डॉक्टरांनी 'फिट टेस्ट'चं टुमणं लावलंय. मास्क लावायचा, डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा आणि आत कडू औषधाचा फवारा मारायचा. कडू लागलं तर मास्कला फट आहे, जंतूही तिथूनच शिरणार. नाही लागलं तर पास. पोरखेळ! पण तपासणीचे लोक येणार आहेत आणि साहेबांना सगळा स्टाफ पास हवाय. होईल.

१३ फेब्रुवारी, सकाळ
पहिली टेस्ट माझी, सर्वांसमोर. डॉक्टर म्हणतात, दाढी काढा, नाहीतर मास्क चेहऱ्याला घट्ट बसणार नाही. माझी दाढी! ती आहे म्हणून तर शिपाई मला बघून उठतो. काढणार नाही.

दुपार
झाली टेस्ट. पहिल्याच फवाऱ्याला घशापर्यंत कडू जहर. डोळ्यांत पाणी. पण सगळा स्टाफ टक लावून बघत होता. सांगितलं, काहीही लागलं नाही. टाळ्या. खोटं असं नाही म्हणता येणार. सवय असती तर लागलं नसतंच.

१४ फेब्रुवारी
स्टाफची टेस्ट. ज्याला त्याला कडू! नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी स्वतः जाऊन उभा राहिलो. म्हटलं, जे मला लागलं नाही ते तुम्हाला कसं लागतं? पुन्हा विचारलं तर कुणालाच लागेना. लीडरशिप म्हणतात ती हीच.
एकच आडमुठी निघाली. कोण, तर ही! मास्क गालांवर सैल, आणि चारचौघांत पुन्हा पुन्हा तेच, कडू लागतंय, कडू लागतंय. आपलेच दात, आपलेच ओठ. बाजूला घेऊन समजावलं, तुझ्या एकटीपायी सगळे खोळंबलेत, निदान माझी लाज राख. तिने मास्कच्या पट्ट्या आवळल्या. मग म्हणाली, बरं, नाही लागत.
समजूतदार आहे तशी.

३ मार्च
तपासणी पार पडली. शंभर टक्के पास! साहेबांनी हात मिळवला. अकाउंट्सवाल्याचं तोंड बघण्यासारखं.
हिचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. छोटे मास्क मागवा, हाच धोशा. आता कसे मागवणार? सगळ्यांना बसलेत म्हणून आत्ताच तर सांगितलं. हल्ली मास्कच्या कडेला गॉझच्या घड्या कोंबते. दिसायला अगदी गबाळं. तसं बोललोही.

१९ एप्रिल
ही खोकते. घरात धूळ फार. झाडताना जोरात झाडू नकोस म्हणून सांगितलं.
खोकला सुरू झाल्यापासून पांघरूण घेऊन बाहेरच्या खोलीत झोपते. खिडकी सताड उघडी. माझी झोप मोडू नये म्हणून असेल. काळजी घेते, हे कबूल करायला हवं.

६ मे
बारीक झालीय. ड्रेसचा पट्टा आवळून बांधते. विचारलं तर म्हणाली, टीबीची तपासणी करायला दिलीय. हसलो. टीबी वॉर्डात काम करून स्वतःलाच टीबी! नर्सेसना वाचलेले, बघितलेले सगळे रोग होतात. शिवाय ती पास आहे.

९ मे
टीबीच.
तिच्याच वॉर्डात, वेगळ्या खोलीत ठेवलंय. डॉक्टरांना म्हटलं, बाजारातून आला असेल, बसमधून आला असेल. ते औषधांची चिठ्ठी लिहीत राहिले. बरी होईल म्हणतात, पण औषधं बरेच महिने.
माझीही तपासणी झाली. मला काही नाही. प्रतिकारशक्ती, म्हटलं. डॉक्टर म्हणाले, खोकला सुरू झाल्या दिवसापासून त्या वेगळ्या झोपत होत्या, म्हणून.

११ मे
घर फार शांत आहे. खोकला ऐकू येत नाही.

१२ मे
संकल्प: उद्या भेटायला जायचं. उगाच घाबरणारे नातेवाईक वेगळे, आपण खात्याचे प्रमुख. जवळ बसायचं, हात हातात घ्यायचा, धीर द्यायचा.

१३ मे
डबा घेऊन गेलो. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी मास्क दिला. आमचाच, मी मागवलेला मोठा. लावला.
दाराच्या काचेतून हिने मला बघितलं. उठून बसली, केस सारखे केले, पलंगाखालचं स्टूल माझ्यासाठी पुढे ओढलं. आतूनच म्हणाली, या ना. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी आत गेलो असतो.
दाराची कडी धरून उभा राहिलो. बराच वेळ. भीती वाटली. दुसरं काहीही नाही, भीतीच.
मग सिस्टरच्या हातात डबा दिला आणि सांगितलं, मीटिंग आहे.
हिने हात हलवला, जा म्हणून. आणि स्टूल परत पलंगाखाली सरकवलं.
मीटिंग नव्हती.